मुका डबा आणि सरपंच

फोन आला तेव्हा मी गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. फोन लातूरहून, सुरेखाबाईंचा. सुरेखाबाई म्हणजे आमच्या कमलवन्संच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर. त्या म्हणाल्या, "ताई, बाई गेल्या. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या. मी ताक द्यायला म्हणून गेले, तर..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? कशा गेल्या, केव्हा गेल्या, काही नाही. मी विचारलं, "डब्याचा दिवा लागलेला हाय का?"  त्यांना वाटलं असेल, हिचं डोकं ठिकाणावर नाही. मग म्हणाल्या, "हाव, दिवा हाय. आवाज मात्र न्हाई. नेहमीसारखंच."

ते 'नेहमीसारखंच' मनात रुतून बसलं. पुढे तेराव्याला पंगत उठल्यावर मी पाण्याचा तांब्या घेऊन आत चालले होते, तर दारामागे सुरेखाबाई दुसऱ्या एकीला सांगून राहिल्या होत्या, "बाईला शेवटी शेवटी भ्रमच झाला होता, गं. बंद डबा लावून कुत्र्याला गाणं ऐकवायच्या. आम्ही आपलं हो हो म्हणायचो." त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, कीवच होती. पण लातूरच्या निम्म्या पोरींना सूर शिकवलेल्या बाईबद्दल शेवटी लोकांकडं एवढंच उरावं, हे मला सोसेना. तरी तेव्हा सवयीनं मी गप्प बसले. वन्संनी मला बांधून घेतलं होतं, "मी आहे तोवर कुणाला सांगायचं नाही." आता त्या नाहीत. म्हणून सगळं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांनीच ठरवावं, भ्रम कुणाला होता ते.

कमलवन्सं माझ्या नणंद. ह्यांच्या पाठची बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी हदगावकडची, शेतकऱ्याच्या घरची, सातवी शिकलेली. त्या मुलींच्या शाळेत संगीताच्या बाई. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा मला वाटलं होतं, ही शिकलेली नणंद आपल्याला नाचवणार. तर पहिल्याच दिवशी त्यांनी मला पेटीजवळ बसवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, म्हणा, सा." मी म्हटलं. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "तुमचा सा म्हणजे बाजरी दळून राहिल्यासारखा आहे." तेव्हापासून मी त्यांच्यापुढे कधी तोंड उघडलं नाही, गाण्यासाठी म्हणते मी. बोलायला मी कुणाला ऐकते होय...

लग्नानंतर त्या लातूरला गेल्या. मूलबाळ झालं नाही, यजमान लवकर गेले. शाळा सुटली, म्हणजे रिटायर झाल्या, आणि त्याच पावसाळ्यात औसा रोडच्या बाजूच्या त्यांच्या गल्लीत एक कुत्रा आला. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, एक कान उभा, एक पडलेला. रस्त्याच्या बरोब्बर मधोमध बसायचा. मोटारसायकली, भाजीचे गाडे, सगळे त्याला वळसा घालून जायचे, हा काही हलायचा नाही. म्हणून वन्संनी त्याला नाव दिलं सरपंच. नाव दिलं की मान द्यावाच लागतो. "सरपंच, जेवायला चला. सरपंच, पाय पुसून या." ह्यांना बहिणीचं फार हसू यायचं. म्हणायचे, "मला नुसतं 'अरे दादा', आणि कुत्र्याला अहो-जाहो."

तर हे सरपंच फटाक्यांना भलते भीत. पहिल्या दिवाळीला पलंगाखाली शिरले आणि असे थरथरले की पलंगाच्या पट्ट्या वाजायला लागल्या. वन्संनी पेटी काढून वाजवली, म्हटलं जीव रमेल. तर सरपंचांनी मान वर करून गळा काढला, फटाके परवडले म्हणायची पाळी. मग वन्संनी तंबोऱ्याचा डबा लावला. हा डबा म्हणजे विजेवर चालणारा तंबोरा. एक खुंटी आवाजाची, एक सूर लावायची, समोर बोराएवढा लाल दिवा. लावला की चार तारा एकामागून एक वाजत राहतात, घुंईऽऽ करत. अर्ध्या तासानं सरपंच पलंगाखालून सरपटत बाहेर आले आणि डब्यावर हनुवटी टेकवून झोपले. झालं, वन्संना नाद लागला.

मी दरवर्षी दिवाळीच्या आधी लातूरला जायची, फराळाला मदत म्हणून. त्या वर्षापासून फराळ राहिला बाजूला आणि आमचा दुसराच कारखाना सुरू झाला. वन्संनी शाळेतली एक कोरी हजेरीवही काढली. कोणत्या जनावराला काय ऐकवलं आणि त्यानं काय केलं, रोज लिहायच्या. "भूप, सकाळी. मांजर उठून गेलं." "यमन, हळू. मांजर बसलं, पण पाठ करून." "पेटी, काळी दोन. सरपंच उठून गेले." माणसानं छान छान म्हटलेलं त्या धरायच्याच नाहीत. "माणूस तोंडदेखलं बोलतो, वहिनी," त्या म्हणायच्या. "जनावर उठून जातं." सगळी वही त्या एका प्रश्नावर चाललेली, उठून गेलं का नाही.

गल्लीच्या टोकाला गंगाधरचा गोठा. त्याच्या म्हशीला गाणं ऐकवलं तर दूध वाढतं का, हे बघायचं वन्संनी मनावर घेतलं. मी म्हटलं, म्हैस ती म्हैस, तिला काय कळणार. पण आतून मलाही उत्सुकता होतीच, खोटं कशाला बोलू. मग आम्ही दोघी म्हाताऱ्या पाच दिवस धारेच्या वेळी डबा घेऊन गोठ्यात.  सहाव्या दिवशी गंगाधर म्हणाला, "बाई, म्हैस द्यायचं तेवढंच दूध देऊन राहिली, पण धार काढता काढता मलाच झोप लागून राहिली." वन्संनी विचारलं, "तिला सूर आवडत नाही का रे?" तर म्हणाला, "तिला मी देगलूरच्या बाजारातून आणलं, बाई. तिला तेलुगूच कळते. 'रा, रा', म्हंजे ये ये, म्हटल्याबिगर ती गोठ्यातून हलत न्हाई." वन्संनी वहीत जसंच्या तसं लिहिलं, "म्हैस उठून गेली नाही. बांधलेली होती. निष्कर्ष काढता येत नाही."

हळूहळू गल्लीत बोलबाला झाला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लोक आपापली कुत्री वन्संच्या पुढच्या खोलीत आणून बसवायला लागले. सुरेखाबाईंचा टायगर, हातभर लांबीचा, पांढरा, गॅसवाल्यावर धावून जाणारा. कोपऱ्यावरच्या दुकानातला मोती. आणखी तीन-चार. खिडक्यांना गोधड्या लावायच्या, मधे डबा ठेवायचा, वन्सं सतरंजीवर, सरपंच त्यांच्या मांडीला टेकून, बाकीचे भोवती. बाहेर लडी फुटताहेत आणि आत सहा कुत्री गुमान पडलेली. सुरेखाबाई म्हणायच्या, "बाई, टायगर झोपला ते ठीक, पण आमचे हे पण झोपले की. आता लक्ष्मीपूजन कुणी करायचं?"

चार-पाच वर्षं अशी गेली. मग मागच्या दिवाळीच्या आधीची दिवाळी. मी गेले, पिशवी ठेवली, हातपाय धुतले. डब्याचा लाल दिवा लागलेला. सरपंच त्यावर हनुवटी ठेवून झोपलेले. वन्सं समोरच स्वयंपाकघराच्या दारात चिवड्याचे पोहे चाळत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "कसा लागलाय आज, वहिनी?" मी म्हटलं, "छान." सवयीनं म्हटलं. आणि मग लक्षात आलं, खोलीत आवाजच नाही. जवळ गेले, कान लावला. काही नाही. आवाजाची खुंटी पार शून्यावर. हात लावला तर डबा कोमट, भाकरी उतरवल्यावर थोड्या वेळानं तव्याशेजारी लागते तशी ऊब. मला हसूच आलं. म्हटलं, अरे, हे सरपंच इतकी वर्षं गाण्यासाठी नाही, उबेसाठी येऊन राहिलेत की काय... आणि हसता हसताच उमगलं. वन्संना ऐकू येत नव्हतं.

मग एकेक दिसायला लागलं. कुकरच्या शिट्ट्या त्या मोजत नव्हत्या, वाफ बघत होत्या. मी पाठमोरी बोलले की उत्तर नाही, समोरून बोलले की माझ्या ओठांकडे नजर. फोनवर नुसतं "बरं, बरं, रेंज नाही" म्हणून ठेवून द्यायच्या. मला वाटायचं म्हातारपणी तुटक झाल्यात. आणि लक्ष्मीपूजन तीन दिवसांवर. सगळी गल्ली कुत्री घेऊन येणार, डबा मुका, आणि मधे बसून वन्सं विचारणार, कसा लागलाय. जन्मभर दुसऱ्यांचे सूर दुरुस्त केलेल्या बाईचं लोकांपुढे हसं होणार. सांगावं तर तोंडाला कुलूप. आपल्या माणसाला, त्यातून ज्याचं पोट आणि मान सगळं कानावर चाललं, त्याला 'तुला ऐकू येत नाही' कसं म्हणायचं?

मी शहाणपणा केला. दुपारी वन्सं करंज्यांना मुरड घालत बसलेल्या, तर मी गुपचूप जाऊन आवाजाची खुंटी अर्ध्यावर पिळली. डबा घुंई करायला लागला. मला वाटलं, झालं काम, कुणाला कळणार. सरपंचांनी एक डोळा उघडला. उभे राहिले. अंग झाडलं. आणि चालत चालत मोरीपाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून झोपले. वन्संनी करंजी खाली ठेवली. सरपंचांकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे. आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, खुंटीला हात लावलात का?"

मी मान हलवली. त्याच म्हणाल्या, "मीच मिटलेली आहे ती. आठ महिने झाले. आधी वरचे सूर गेले, मग सगळंच लांब गेलं. डबा लावायचे, पण तो लागलाय का उतरलाय, मला कळेना. सरपंच रोज उठून जायला लागले. मग समजलं, उतरलेला असणार. मुक्या जनावराला बेसूर ऐकवायचं पाप कशाला... म्हणून मिटून टाकला." मी म्हटलं, "मग दिवा कशाला लावता?" तर म्हणाल्या, "दिवा माणसांसाठी. दिवा दिसला की त्यांना वाटतं गाणं चाललंय. सरपंचांनी उठून जाऊ नये म्हणून मी दुसरं करते." काय करता, म्हटलं. त्यांनी माझा हात ओढून आपल्या छातीच्या वरच्या हाडावर ठेवला, गळ्याच्या खाली. ओठ मिटलेले, चेहऱ्यावर काही नाही. आणि माझ्या तळव्याखाली हाड थरथरायला लागलं. बारीक, एकसारखं, दळण सुरू असताना गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखं. त्या मिटल्या तोंडानं सा धरून बसल्या होत्या. खोलीत कुणाला ऐकू जाणार नाही इतका हळू. "हा मला हाडात ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "आणि सरपंचांना मांडीतून. ते टेकून असतात ना."

मी विचारलं, "मग मघाशी 'कसा लागलाय' कशाला विचारलं?" त्या हसल्या. "तुम्ही गावभर सगळं सांगत सुटणाऱ्या. म्हटलं, कळलं तर तिथल्या तिथे बोलाल. तुम्ही 'छान' म्हणालात आणि उगाच डब्याला हात लावून बघितलात, तेव्हाच समजले, वहिनींना कळलं आणि वहिनी खोटं बोलून राहिल्यात." कानाचं मशीन घ्या म्हटलं, तर उठून कपाटातून काढून दाखवलं. होतं की त्यांच्याकडे. "भांडी मोठ्यानं वाजतात त्यात, आणि सूर वाकडा येतो. भांडी ऐकून काय करू?" आणि मग ती अट, मी आहे तोवर कुणाला सांगायचं नाही. दादालाही नाही.

ते तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. वन्संनी ठरवलं, माणसांच्या देखत डबा वाजलाच पाहिजे, आणि तो मी लावायचा. मी, बाजरी दळणारी. एक हात त्यांच्या हाडावर, दुसरा सुराच्या खुंटीवर, डबा माझ्या मांडीत. त्या सा धरायच्या आणि मी खुंटी पिळत जायची, दोन्हीकडची थरथर एक होईपर्यंत. आधी मला काही कळेना. दोन थरथरी एकमेकींवर आपटतात, मधे लाटा येतात, डुगडुग करतात. मग लाटा लांबत जातात, लांबत जातात... आणि एकदम सपाट. डबा आणि वन्सं एक. पासष्टी गाठल्यावर मला पहिल्यांदा कळलं, सूर लागणं म्हणजे काय. ते कानानं नाही, हातानं कळलं. वन्सं मोरीकडे बघत होत्या. सरपंच आले, डब्याचा वास घेतला, वन्संच्या मांडीला टेकले. "पास," वन्सं म्हणाल्या.

त्या लक्ष्मीपूजनाला सहाच्या सहा कुत्री शेवटपर्यंत बसली. आवाजानं बसली, उबेनं बसली, का सात-आठ माणसं दोन तास काही न करता शांत बसलेली बघून बसली, कोण जाणे. मी वन्संना विचारलंसुद्धा, "खरं काय असेल हो?" त्या म्हणाल्या, "तेच तर बघायचंय. पुढच्या वर्षी एकेक काढून बघू. आधी ऊब काढू, मग आवाज काढू, मग माणसं." मी निघताना त्यांनी माझ्या देखतच आवाजाची खुंटी शून्यावर नेली. "तुम्ही आलात की उघडू."

पुढच्या दिवाळीला मी गेले नाही. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, दर तीन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे. मी फोन केला, "वन्सं, ह्या वेळी यायला जमत नाही." त्या म्हणाल्या, "बरं, बरं." आणि ठेवला. त्यांना ऐकू आलं की नाही, हा विचार माझ्या मनात तेव्हा आलाच नाही. ज्या बाईच्या कानाची गोष्ट मला एकटीला ठाऊक, तिला मी फोनवर निरोप दिला. सुरेखाबाईंना सांगून, चिठ्ठी लिहून, काहीही करता आलं असतं. तेराव्याला मला ती हजेरीवही सापडली. त्यात त्या दिवसाची नोंद आहे. "लक्ष्मीपूजन. वहिनी आल्या नाहीत. साडेसातपर्यंत वाट पाहिली. डबा मिटलेला. सरपंच व मोती राहिले. बाकी उठून गेले." कुत्री म्हणजे आपल्या पायानं गेली नसणार. सुरेखाबाईंनी टायगरला उचलून नेलं असेल, बाकीच्यांनी आपापली. वन्सं मधे बसून विचारत असतील, बरा लागलाय ना, आणि हे हो हो म्हणत उठत असतील. भ्रमाची गोष्ट त्या संध्याकाळी सुरू झाली. ती माझ्यामुळे झाली.

तेव्हा सुरेखाबाई, आणि गल्लीतले सगळे, हे तुम्ही वाचाल म्हणून लिहिते. डबा बंद होता, ते बाईंना ठाऊक होतं. तुम्ही मुकी खोली बघितली. तुमच्यापैकी कुणी त्यांना टेकून बसलं असतं तर कळलं असतं. मोती टेकला होता, म्हणून तो राहिला.

सरपंचांना आम्ही गाडी करून नांदेडला आणलं. डबा आणि वहीही. पहिले पंधरा दिवस ते जिन्याखालीच. लग्नसराई सुरू झाली, रोज संध्याकाळी वरातीचा डीजे आमच्या रस्त्यानं जातो, भांडी हलतात. मी डबा लावून बघितला, वाजता. सरपंच उठून गेले. मिटून, नुसता दिवा लावून बघितला. दिव्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ऊब काढून झाली, आवाज काढून झाला. उरलं काय ते मला कळत होतं, पण धीर होईना. एवढं वय झालं तरी ते बाजरीचं दळण लक्षात होतं.

परवा संध्याकाळी वरात आली. मी सतरंजी घातली, जिन्यापाशी बसले, एक हात स्वतःच्याच हाडावर ठेवला आणि तोंड मिटून सा धरला. जसा यायचा तसा आला. हलला, आपटला, परत शोधला. आतून हे म्हणाले, "काय पुटपुटून राहिलीस?" मी उत्तर दिलं नाही, सुटला असता. सरपंच जिन्याखालून बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, वासही घेतला. वरात लांब जाईस्तोवर बराच वेळ तसेच उभे राहिले, मग हातभर अंतर ठेवून बसले. टेकले नाहीत.

मी वही काढली. वन्संचं अक्षर मोत्यासारखं, माझं म्हणजे शेतातली वाट. तरी त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, "नांदेड. वहिनींचा सा. सरपंच उठून गेले नाहीत."